चोळीची गाठ

भाऊबिजेला बहिणीस साडीचोळी करावी ही आपल्याकडची जुनी रीत. हल्ली साडीच्याच टोकाला हातभर कापड जोडून येते व त्याला 'ब्लाउजपीस' म्हणतात. पण पूर्वी लुगडे वेगळे आणि चोळीचा खण वेगळा असे. खण म्हणजे एका चोळीपुरते कापड. गुळेदगुड्डचा खण प्रसिद्ध होता व अजूनही आहे. त्याची घडी घालण्याची एक तऱ्हा असे, आणि ओटीत तांदूळ, नारळ, हळकुंड, सुपारी यांच्यासोबत तो पडला की ओटी पुरी झाली असे समजत. ह्या खणाकडे आजवर पुष्कळांनी पाहिले ते त्याच्या रंगाकडे आणि काठाकडे. त्याची दुसरी एक गोष्ट आहे, आणि ती गरोदर व लेकुरवाळ्या बाईच्या संदर्भातली आहे.

पहिलटकरणीला दिवस गेल्याचे घरात कळले, पण बाहेर सांगावयाचे नाही, अशा वेळी आई किंवा सासू तिला गुपचूप चोळी करी. तिचे नावच 'चोरचोळी'. पुढे डोहाळजेवणाला पुन्हा खण. बाळंतपण झाले की बाळंतविडा येई. त्यात बाळाची कुंची, अंगडे-टोपडे यांच्याबरोबर आईचे लुगडे आणि खण असे. म्हणजे नऊ-दहा महिन्यांच्या अवधीत तीन वेळा तरी चोळीचे नवे कापड बाईच्या हाती येई. हा सगळा मान-पानाचा प्रकार, असे आपण म्हणतो. मला मात्र त्यात एक शहाणपणही दिसते. ज्या काळात बाईच्या अंगाचे माप महिन्या-महिन्याने बदलते, नेमक्या त्याच काळात तिला शिवलेला कपडा न देता बहुधा न बेतलेले कापड देत असत. बेतावयाचे तिचे तिने, तिच्या त्या दिवसाच्या मापाने.

दिवाळीच्या अंकात हा विषय कशाला, असे कोणी विचारील. घरात आजी, सून, नात सगळ्याच अंक वाचणार. मी म्हणते, म्हणूनच. इतिहास म्हटला की आपल्याला किल्ले आणि तह आठवतात. पण घरातील निम्म्या माणसांनी रोज सकाळी अंगावर काय घातले, ते त्यांना कोठे काचले आणि कोणी कधी त्याचा विचार केला, हाही इतिहासच आहे. तो कोणी लिहिला नाही, कारण तो बोलावयाचा नाही असे ठरले होते. दुकानात बाई आजही हा कपडा मागताना आवाज खाली आणते, आणि दुकानदार तो वर्तमानपत्रात गुंडाळून देतो.

प्रथम शरीराचे थोडे सांगितले पाहिजे, नाही तर पुढचे कळणार नाही. गरोदरपणाच्या पहिल्या काही आठवड्यांतच छाती भरू लागते, हुळहुळते. पोट दिसू लागण्याच्या आधीचा हा फरक आहे; अनुभवी बायका त्यावरूनच ओळखत. पुढे गर्भ वाढतो तशा बरगड्याही थोड्या रुंदावतात, म्हणून छातीखालचा घेरही वाढतो. मुलाच्या जन्मानंतर दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास दूध उतरते, आणि तेव्हा एकाएकी छाती इतकी दाटते की आदल्या दिवशीचा कपडा दुसऱ्या दिवशी होत नाही. काही आठवड्यांनी बाळाचे पिणे आणि आईचे दूध यांचा मेळ बसला की ती दाटी ओसरते. त्यानंतरही सकाळचे माप संध्याकाळी राहत नाही. पाजण्याआधीचे पाजल्यावर राहत नाही. डाव्या बाजूचे उजव्या बाजूला लागू पडेलच असेही नाही. शेवटी मूल अंगावरून सुटले की पुन्हा निराळेच माप. दूध उतरण्याला तीन-चार रात्री लागतात हे सुश्रुताच्या शारीरस्थानातही सांगितलेले आहे. चरकाने गर्भिणीच्या पोटावर व छातीवर कातडी ताणून कंड सुटते तिला 'किक्किस' असे नाव दिले. तेव्हा हे बदल कोणाला ठाऊक नव्हते असे नाही. ह्या बदलत्या अंगाला कपडा कसा करावा हा प्रश्न मात्र वैद्यांनी बायकांवर सोडला.

महाराष्ट्रातल्या बायकांनी तो गाठीने सोडवला. आपल्या जुन्या चोळीला बटण नव्हते, हूक नव्हता. पाठ झाकलेली, बाह्या आखूड, आणि पुढची दोन टोके छातीच्या खाली ओढून बांधलेली. सारी चोळी त्या गाठीवर उभी. गाठ आवळली की छातीला खालून आधार मिळे. सैल केली की मोकळे वाटे. कोणत्या दिवशी किती आवळावयाचे हे बाईच्या बोटांनी ठरावयाचे. सहाव्या महिन्यात गाठ जरा पुढे सरके, बाळंतपणानंतर आणखी सरके, वर्षभराने मागे येई. मूल रडले की एका हाताने गाठ सोडावी, वरून नऊवारीचा पदर घ्यावा, की झाले. शेताच्या बांधावर, देवळाच्या पायरीवर, बैलगाडीत, लग्नाच्या मांडवात हे चालत असे आणि त्यात कोणाला काही वाटत नसे.

लावणीने चोळीला प्रसिद्धी दिली ती 'तंग चोळी' म्हणून. शाहिराला तंग चोळी दिसली, कारण तो बाहेरून पाहत होता. आत असलेल्या बाईला तीच चोळी रात्री सैल करता येत होती, हे त्याच्या गावी नव्हते.

पण जुने ते सगळे सोने असे म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. गरिबाच्या घरी बाईला एकच चोळी असे, आणि दुधाने भिजलेली ती ओली चोळी अंगावरच वाळे. घट्ट बाह्या दंडात रुतत. खणाचा पन्हा ठरलेला. अंगाने भरलेल्या बाईला तो पुरत नसे, मग ठिगळ जोडावयाचे. आणि सर्वांत कठोर गोष्ट म्हणजे ही चोळी सौभाग्याचे चिन्ह मानली गेली होती. ब्राह्मणादी जातींत नवरा गेला की केशवपनाबरोबर चोळीही गेली; आलवणाचा पदर तेवढा उरला. एकोणिसाव्या शतकात ह्या विधवांत पंधरा-सोळा वर्षांच्या पोरी होत्या. कोणाच्या कडेवर मूल होते, कोणी पोटुशी होती. ज्या वेळी अंगाला आधाराची खरी गरज, त्याच वेळी रूढीने तो काढून घेतला. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी 1863 साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, त्यात येणाऱ्या गर्भार विधवांकडे पाहताना ही गोष्टही ध्यानात ठेवावयास हवी.

चोळी मुळात किती जुनी, ह्या वादात मी फार वेळ घालवणार नाही. अमरकोशात 'चोल' आणि 'कूर्पासक' हे शब्द शेजारी-शेजारी आहेत; काव्यांत 'कंचुक' आहे, 'स्तनांशुक' म्हणजे छातीवर बांधावयाची पट्टी आहे. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात महाजनक जातकाच्या चित्रात नाचणारी स्त्री लांब बाह्यांचा शिवलेला कपडा घालून आहे, आणि तिच्या भोवतालच्या कित्येकींच्या अंगावर वर काहीच नाही. म्हणजे नेसणे, बांधणे आणि शिवणे हे तिन्ही प्रकार एकाच काळी नांदत होते.

बांधण्याचा प्रकार ग्रीस-रोममध्येही होता. सिसिलीतील पियाझा आर्मेरिना येथल्या चौथ्या शतकातील जमिनीवरच्या चित्रांत व्यायाम करणाऱ्या मुलींच्या छातीला पट्टा बांधलेला दिसतो. सोरानस ह्या ग्रीक वैद्याने दुसऱ्या शतकात स्त्रीरोगांवर ग्रंथ लिहिला, त्यात गर्भवतीने छातीचा नेहमीचा पट्टा सैल करावा, दाबल्याने इजा होते, असे सांगितले आहे. त्यानंतर मधली पुष्कळ शतके कोरी समजत. 2008 साली ऑस्ट्रियात पूर्व तिरोल भागातील लेंगबर्ग किल्ल्याच्या दुरुस्तीत एका खोलीच्या जमिनीखाली जुन्या चिंध्यांचा मोठा साठा सापडला. त्यात पंधराव्या शतकातील तागाच्या चार आतल्या काचोळ्या होत्या, वाट्या वेगळ्या बेतलेल्या, एखादीला नाजूक जाळीकाम केलेले. इन्सब्रुक विद्यापीठाच्या संशोधकांनी 2012 साली हे जाहीर केले तेव्हा विसाव्या शतकाचा शोध म्हणून मिरवणाऱ्या वस्तूचे वय एकदम पाचशे वर्षांनी वाढले. कोण्या घरच्या बाईने त्या शिवल्या असतील. तिचे नाव कोणी लिहून ठेवले नाही.

सोळाव्या शतकापासून मात्र युरोपातल्या बाईचे अंग कॉर्सेटच्या ताब्यात गेले. देवमाशाच्या तोंडातील लवचिक पात्या घालून ताठ केलेले कापड, पाठीमागे दोरी. 1828 च्या सुमारास दोरी ओवण्याच्या भोकांना धातूच्या कड्या बसू लागल्या. तोवर जोराने ओढले की कापड फाटे, आता फाटेना. म्हणून बायका अधिक आवळू लागल्या. शोध सोयीसाठी लागतो आणि काच वाढवतो, असे पुष्कळदा होते.

गरोदर बाईने कॉर्सेट काढून ठेवावे, इतके सोपे ते नव्हते. दिवस गेलेले दिसणे हेच तेथे सभ्यतेला सोडून समजले जाई. त्यामुळे गर्भवतीसाठी वेगळी कॉर्सेटे निघाली. त्यांना बाजूंनी जादा दोऱ्या असत, पोट वाढेल तशा त्या सैल करावयाच्या. पाजणाऱ्या आईच्या कॉर्सेटला छातीवर दोन झडपा असत, बटणांनी उघडणाऱ्या. आजच्या दुकानात मिळणाऱ्या 'नर्सिंग ब्रा'ची ही आजी. परंतु तिच्यात पोलाद होते, आणि छातीच्या खालून-बाजूने दाब होता. दुधाच्या वाहिन्यांवर असा दाब सतत राहिला तर दूध साचते, गाठी होतात, ताप भरतो. आपल्याकडच्या सुइणी ज्याला 'छाती भरली' म्हणत तेच हे. शिवाय श्रीमंत घरांत पाजणेच दाईवर सोपवलेले. रूसोने 1762 सालच्या 'एमिल' ग्रंथात आयांनी आपले मूल आपण पाजावे असा धोशा लावला, तेव्हा फ्रान्समध्ये काही काळ ती फॅशन झाली. स्वतःची पाचही मुले अनाथालयात टाकणाऱ्या गृहस्थाने हा उपदेश करावा ही गंमत वेगळीच. विक्टोरिया राणीला नऊ मुले झाली, पण अंगावर पाजणे तिला अगदी अप्रिय. मुलगी ॲलिस आपले बाळ स्वतः पाजते हे कळल्यावर राणीने आपल्या गोठ्यातील एका गाईचे नाव 'प्रिन्सेस ॲलिस' ठेवले. राजवाड्यातले टोमणे असे!

ह्याच राणीच्या अमदानीत 1881 साली लंडनमध्ये 'रॅशनल ड्रेस सोसायटी' निघाली. बाईच्या आतल्या कपड्यांचे एकंदर वजन सात पौंडांहून अधिक असू नये, अशी ह्या सुधारक मंडळींची मागणी होती. सात पौंड म्हणजे सव्वातीन किलो. सुधारणा करून सव्वातीन, तर मूळचे किती असेल ते वाचकांनीच पाहावे.

आपल्या आनंदीबाई जोशी 1883 साली अमेरिकेला गेल्या त्या ह्या काळात. कल्याणच्या घरी चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला होता आणि तो दहा दिवसांत गेला होता. फिलाडेल्फियाच्या थंडीत त्यांनी लुगडे गुजराती पद्धतीने नेसावयास सुरुवात केली, पण देशी वेश सोडला नाही. 1886 साली त्या डॉक्टर झाल्या. पदवीसाठी लिहिलेला त्यांचा प्रबंध होता तो प्राचीन हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर. ज्या शहरात कॉर्सेटविरुद्ध व्याख्याने होत होती त्या शहरात ही एकोणीस-वीस वर्षांची मुलगी चोळी-लुगड्यात वावरत चरक-सुश्रुत उलगडीत बसली होती. हे चित्र मला फार आवडते.

अमेरिकेत कॉर्सेटला उतार पडला तो बायकांच्याच हातून, आणि त्यांतल्या बहुतेक शिवणकाम करणाऱ्या होत्या. लीना हिमेलश्टाइन ही लिथुएनियातून सोळाव्या वर्षी न्यूयॉर्कला आलेली ज्यू मुलगी. लग्न डेव्हिड ब्रायंट नावाच्या जवाहिऱ्याशी झाले, मूल झाले आणि थोड्याच दिवसांत नवरा क्षयाने वारला. नवऱ्याने दिलेली हिऱ्याची कर्णफुले गहाण टाकून तिने शिवणयंत्र घेतले. 1904 च्या सुमारास तिने दुकान थाटले. बँकेच्या कागदावर 'लीना'चे 'लेन' झाले, आणि तेच नाव दुकानाला कायम चिकटले: लेन ब्रायंट. एकदा एक गिऱ्हाईक आली व म्हणाली, मला दिवस आहेत, चार लोकांत वावरता येईल आणि अंगालाही सुख होईल असे काही शिवून दे. लीनाने वरचा भाग आणि चुण्यांचा घागरा ह्यांच्यामध्ये रबरी पट्टी घातली. पोट वाढेल तशी ती ताणली जाई. कपडा खपू लागला, पण वर्तमानपत्रे जाहिरात घेईनात. 'गरोदर' हा शब्दच छापण्याजोगा नव्हता. 1911 साली 'न्यूयॉर्क हेरल्ड'ने ती जाहिरात घेतली, आणि दुसऱ्या दिवशी दुकानातला सगळा माल संपला. इतक्या बायका इतकी वर्षे गप्प बसून होत्या.

ब्रेसियरच्या शोधाचे श्रेय सामान्यतः मेरी फेल्प्स जेकब हिला देतात. नाचाला जाताना कॉर्सेटच्या काड्या तलम झग्यातून दिसू लागल्या म्हणून तिने दोन रेशमी हातरुमाल आणि गुलाबी फीत घेऊन, मोलकरणीच्या मदतीने, एक हलका कपडा जुळवला. 3 नोव्हेंबर 1914 रोजी तिला पेटंट मिळाले. ते तिने पुढे वॉर्नर बंधूंच्या कंपनीला पंधराशे डॉलरांना विकले. हे वॉर्नर बंधू मूळचे डॉक्टर. कॉर्सेटमुळे बायकांची प्रकृती बिघडते अशी व्याख्याने देता देता त्यांनी 1874 साली 'आरोग्यकारक' कॉर्सेटचा कारखाना काढला व गबर झाले! तर, मेरीचा तो कपडा नाजूक तरुणींचा. त्याला आधार असा नव्हताच. दूध पाजणाऱ्या बाईला त्याचा उपयोग शून्य.

आयांच्या उपयोगाचे जे झाले ते दुसऱ्या एका दुकानात. रशियातल्या मिन्स्कजवळून आलेली आयडा रोझेंथाल आणि तिची भागीदार एनिड बिसेट यांचे न्यूयॉर्कला कपड्यांचे दुकान होते. 1920 नंतरची फॅशन सपाट छातीची. बायका छातीला पट्टा आवळून मुलग्यासारख्या दिसू पाहत. आपण शिवलेले झगे अशा सपाट अंगावर बसत नाहीत हे पाहून ह्या दोघींनी मधोमध चिमटा घेतलेल्या दोन वाट्यांची काचोळी झग्यासोबत फुकट द्यावयास आरंभ केला. गिऱ्हाइके नुसती काचोळीच मागू लागली. आयडाचा नवरा विल्यम ह्याला मूर्तिकलेचा नाद होता. आकार आणि वजन ह्यांचे गणित त्याच्या डोळ्यांत होते. त्याने 1927 साली ज्या कपड्यांच्या पेटंटांसाठी अर्ज केले त्यांत भरल्या अंगाच्या बायकांसाठीचा होता आणि पाजणाऱ्या आयांसाठीचाही होता. 'मेडनफॉर्म' म्हणजे कुमारिकेच्या बांध्याची, हे नाव असलेल्या कंपनीने आयांचा विचार करावा, यात विसंगती असेल. पण विचार केला हे खरे.

नंतर आली अक्षरे. 1932 साली मिशिगनच्या एस. एच. कँप कंपनीने छातीच्या आकारमानाला ए, बी, सी, डी अशी अक्षरे दिली. 1937 साली वॉर्नरनेही ती घेतली. आज जगभर हीच चालतात. आता ह्या अक्षराचा खरा अर्थ काय, हे ते रोज अंगावर वागवणाऱ्या बायकांनाही कोणी सांगितलेले नसते. अक्षर म्हणजे आकार नव्हे; ते पट्ट्याचे माप आणि छातीचे माप ह्यांतला फरक आहे. म्हणून 32 सी आणि 34 बी यांच्या वाटीत सारखेच मावते, फक्त पट्टा निराळा. जी बाई 'माझे माप 34' एवढेच म्हणते तिने अर्धेच माप सांगितलेले असते. त्यातून आपल्याकडे कित्येक दुकानांत अक्षर विचारीतच नाहीत. छातीखालचा घेर घेऊन त्यात चार इंच मिळवावयाचे, ही जुन्या काळची रीत अजून कोठे कोठे चालते. तिने पट्टा सैल येतो आणि सगळा भार खांद्यांवरच्या पट्ट्यांवर पडतो. खांद्यांवर वळ उठतात, मान धरते. खरा भार छातीखालच्या पट्ट्याने घ्यावयाचा असतो. म्हणजे, आपल्या गाठीच्या चोळीत जेथे गाठ होती तेथेच.

गाठ गेली कशी, तेही पाहू. सत्येंद्रनाथ टागोर हे पहिले हिंदी आय.सी.एस. अधिकारी, त्यांची पत्नी ज्ञानदानंदिनी 1864 साली मुंबईस आली. येथल्या पारशी बायकांची साडी नेसण्याची तऱ्हा पाहून तिने ती उचलली, तिला जाकिटाची जोड दिली आणि बंगालात नेली. महाराष्ट्रात शाळेत जाणाऱ्या मुलींबरोबर पोलके आले, मग झंपर, मग ब्लाउज. नऊवारीची सहावारी झाली. शिवणयंत्र गावोगाव पोहोचले आणि चोळी घरातून शिंप्याकडे गेली. ह्यात पुष्कळ चांगले झाले. बाई बाहेर पडली, शिकली, तिला दोन-चार कपडे मिळाले. एक गोष्ट मात्र गेली: रोज सकाळी आपले माप आपण ठरवण्याची सोय.

शिंपी पुरुष. तो परक्या बाईचे माप कसे घेणार? त्यावर तोड म्हणून 'मापाचा ब्लाउज' देण्याची पद्धत पडली. अंगाला बरोबर होणारा जुना ब्लाउज पिशवीत घालून द्यावयाचा, त्यावरून त्याने नवा बेतावयाचा. ही पद्धत आजही चालू आहे. एरवी ती ठीक. पण पाचव्या महिन्यातल्या बाईने मापाला द्यावयाचा कोणता? जो होतो तो आता होत नाही, म्हणूनच तर नवा हवा आहे. ह्या कोड्याला शहाण्या शिंप्याचे उत्तर एकच असे: आत दोन बोटे कापड जास्त ठेवावयाचे, वर कच्ची शिवण मारावयाची, लागेल तशी ती उसवावयाची. ह्या आत दुमडून ठेवलेल्या जादा कापडाला आपल्या शिवणकामात 'माया' म्हणतात. हा शब्द कोणी योजला ते ठाऊक असते तर त्याला मी साडीचोळीचा आहेर केला असता. पण तो बहुधा बाईनेच योजला असावा.

ब्लाउजने एक उपकार केला, की हूक पुढे ठेवले. ब्रेसियरने ते पाठीमागे नेले. पाजणाऱ्या आईला ह्याचा त्रास काय ते निराळे सांगावयास नको. आपल्या बायकांनी त्यावर घरगुती उपाय शोधले. जुन्या मऊ धोतराच्या किंवा मलमलीच्या, पुढे नाड्या असलेल्या काचोळ्या घरीच शिवावयाच्या. ह्याला घरोघर 'बॉडी' असे सुटसुटीत नाव होते. दूध गळते म्हणून आत मऊ घडी ठेवावयाची, ती दिवसातून चार वेळा बदलावयाची. कित्येकींनी मात्र सरळ जुनाच कपडा ओढून-ताणून वापरला, किंवा सव्वा महिना काहीच घातले नाही, आणि 'असे व्हायचेच' म्हणून पाठदुखी सोसली. पाजल्याने बांधा बिघडतो हा एक समज ह्या सगळ्याच्या मुळाशी होता. छाती ओघळते त्याचे कारण मुख्यतः गरोदरपण आणि वय; पाजणे हे नव्हे. हे कळण्याआधी किती मुलांच्या तोंडाशी बाटली लागली असेल!

रायगडावरच्या हिरकणीची कथा आपल्याला पाठ आहे. कडा उतरून तान्ह्याकडे धावलेली ती गवळण. आज तिच्या नावाचे 'हिरकणी कक्ष' एसटीच्या स्थानकांवर आणि कचेऱ्यांतून दिसतात. कोठे ते स्वच्छ असतात, कोठे त्यांत जुन्या खुर्च्या रचलेल्या असतात. 2017 सालच्या कायद्याने बाळंतपणाची रजा पहिल्या दोन मुलांसाठी सव्वीस आठवड्यांची झाली. ती संपवून कामावर निघालेल्या मुलीला दिवसभर अंगावर राहील असा कपडा कोठे मिळतो?

मिळतो, पण तिला तो मागता आला पाहिजे. पाजण्यासाठी वाटीची झडप एका हाताने खाली करता येणारी, मागे हुकांच्या तीन-चार रांगा असणारी, मऊ सुताची काचोळी आता तालुक्याच्या गावीही येते. रांगा अधिक का, तर बरगड्यांचा घेर बाळंतपणानंतर कमी होतो. गरोदरपणी बाहेरच्या रांगेत हूक लावावयाचा आणि पुढे आतल्या रांगांकडे सरकावयाचे. एकदम अर्धा डझन घेऊ नयेत. शेवटच्या महिन्यात दोन घ्याव्या, वाटीत थोडी जागा राहील अशा. दूध उतरून दाटी ओसरली म्हणजे पुन्हा माप घेऊन बाकीच्या घ्याव्या. छातीखाली फीत लावताना ती आडवी सरळ आहे ना हे आरशात पाहावे. पट्ट्याखाली दोन बोटे जावी, मूठ जाऊ नये. लोखंडी तारेची वाटी पहिल्या काही आठवड्यांत नकोच. नंतर वापरलीच तर तार कोठेही रुतता कामा नये. आणि कोठे लाल वळ, दुखरी गाठ किंवा कणकण दिसली तर 'होईल बरे' म्हणत न बसता डॉक्टरकडे जावे. पाजणे मात्र चालू ठेवावे, कारण दूध निघत राहणे हाच त्यावरचा निम्मा उपाय आहे.

डोहाळजेवणाच्या ओटीत खणाबरोबर अशी एक जोडी घालणाऱ्या सासवा मला अलीकडे भेटल्या आहेत. हिरव्या बांगड्या, फुलांची वाडी, चंद्रकोर, झोपाळा सगळे तसेच. आणि नारळाखाली वर्तमानपत्रात न गुंडाळलेला एक खोका. त्यावर दुकानाची पावती टाचलेली होती आणि सासूने सुनेच्या कानात सांगितले, की माप चुकले तर बदलून देतो म्हणाला आहे.